वजनकाट्यावर आई

वहिनीचं पहिलं बाळ उष्टावणानंतर आठवड्याभरातच जुलाबांनी गेलं होतं. त्यामुळे दुसरं झालं तेव्हा घरात सगळे जपूनच वावरत होते. बाळ शिंकलं तरी दादा कामावर जाताना दारातून परत फिरायचा. आईनं अन्नपूर्णेला नवस बोलला होता, मूल वर्षाचं झालं की गुळानं त्याची तुला करीन. तोवर त्याला तराजूत घालायचं नाही आणि उष्टावणही करायचं नाही, हे तिनं आपल्या मनानंच ठरवलं. देवीनं तशी काही अट घातली नव्हती, पण आईला हे कोण सांगणार?

सातवा महिना लागला तरी बाळाचे दंड भरेनात. रडायचं तेही बारीक आवाजात, दमल्यासारखं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं असा सगळ्यांचा समज होता. वहिनी रात्री विचारायची, "वन्सं, तुमच्या पुस्तकात काही लिहिलंय का हो?" माझी पुस्तकं इतिहासाची. 

मिलच्या चाळीमागे एक चर्च होतं. तिथल्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी आयांसाठी वर्ग भरायचा. बाळाला आंघोळ कशी घालावी, पाणी का उकळावं, मूल हट्ट करतं तेव्हा मारल्याशिवाय काय करता येतं, असं शिकवायचे. शिकवणारी सिस्टर केरळकडची, रिटायर झालेली नर्स. "तुम्ही चला ना माझ्यासोबत," वहिनी म्हणाली. "त्या सिस्टरची हिंदी मला धड समजत नाही."

नळावर शेजारीण म्हणालीच, "काय, पोराचं नाव बदलून आणणार वाटतं?" आईनं ते ऐकलं, आणि बुधवारी चपला घालून तीही आमच्याबरोबर निघाली. "पोराला एकटं नाही पाठवणार," म्हणाली. जणू आम्ही दोघी कुणीच नव्हतो.

आई दाराजवळच्या बाकावर बसली. सुरुवातीला छोटी प्रार्थना झाली, तेव्हा तिनं डोळे उघडेच ठेवले आणि ओठांतल्या ओठांत देवीचं नाव घेत राहिली. मग सिस्टरनं मऊ भात डाळीच्या पाण्यात कुस्करून दाखवला. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, असं ती सांगत होती. मी हळू आवाजात मराठीत सांगत होते. हळू, पण आईपर्यंत ऐकू जाईल इतकं.

शेवटी बाळांची वजनं. काट्याच्या हुकाला झोळी टांगलेली. आमची पाळी आली तशी आईनं बाळ छातीशी धरलं.

"माँजी, तौलेंगे नहीं तो मालूम कैसे होगा, बढ़ रहा है कि नहीं?"

"बढ़ रहा है. हमको दिखता है," आई म्हणाली.

"मला नाही दिसत, आई," वहिनी म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं आईचं बोलणं कधी खोडलं नव्हतं.  आईनं तिच्याकडे बघितलं. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे दूध पावडरीची पोती तोलायचा मोठा काटा होता.

"मेरेको तोलो," आई म्हणाली. "पहले इसको लेके बैठेगी, फिर बिगर लेके. पोरगं काट्यावर नाही, माझ्या मांडीवर आहे."

बायका हसल्या. सिस्टर हसली नाही. तिनं पोतं खाली उतरवून काटा पुसला.

मांडी घालून, बाळाला घेऊन आई बसली. नंतर बाळ वहिनीकडे देऊन एकटीच बसली. सिस्टर मला म्हणाली, "कॉलेजवाली, अब तू घटा." मी पदराआड बोटांवर वजाबाकी केली. चुकले तर, एवढंच डोक्यात होतं. "मोठ्यानं बोलू नको," आई म्हणाली. मी सिस्टरच्या कानात आकडा सांगितला. तिचा चेहरा उतरला. खाणं सुरू करा, महिन्यात वजन वाढलं नाही तर इस्पितळात भरती करावं लागेल, हे मलाच दोघींना मराठीत सांगावं लागलं. 

 संध्याकाळी तिनं भात जास्त शिजवला, डाळीचं पाणी घातलं, चांगला घोटला आणि वाटी वहिनीपुढे ठेवली. "तूच भरव. मागच्या वेळी माझ्या हातानं..." एवढं बोलून ती उठून गेली.

त्या महिन्यात मी पुस्तक उघडून बसायची, पण कान स्वयंपाकघरात. एकदा बाळाला दोनदा पातळ शी झाली, तेव्हा कुणी जेवलं नाही. वहिनी चमचासुद्धा उकळत होती. बाबा कोळशावरून कुरकुरले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कोळसा घेऊन आले.

महिन्यानंतरचा बुधवार आला. काट्यावर बसण्याआधी आईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पुन्हा खोचला. "मागच्या वेळी होता," म्हणाली. सिस्टरनं दोन आकडे सांगितले. मी वजाबाकी केली. विश्वास बसेना म्हणून परत केली. मग सिस्टरला म्हटलं, "एक बार और तौल लीजिए ना."

"लो, कॉलेजवाली को घटाना नहीं आता!" मागून कुणीतरी म्हणालं. मला त्याची लाज वाटली नाही. पुन्हा तोललं, या वेळी आधी आईला एकटीला, मग बाळासकट. आकडा तोच आला.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. आकडा उच्चारायचा नव्हता. मी नुसती मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच नीट जमलं नसावं. कारण वहिनीनं भिंतीला हात टेकला.

"आकडा नको," काट्यावरून आई म्हणाली. "आजच तुला केली असती तर गूळ किती लागला असता, तेवढं सांग."

"मागच्या महिन्यापेक्षा अर्धा किलो जास्त, आई."

"किलो मला कळत नाही. शेरात सांग."

मी पुन्हा बोटं मोजायला लागले.  तेवढ्यात वहिनीनं पुढे होऊन आईच्या मांडीवरून बाळाला उचललं.

"तुम्ही दोघी करा हिशोब," ती म्हणाली. "त्याला भूक लागली आहे."