काश्मीरच्या गाडीचं घासलेट

डिझेल गोठतं, हे जळगावात बसून कोणाला पटत नाही. सांगून सांगून मी थकलो. उन्हाळ्यात जिथे डांबर चपलेला चिकटतं, तिथल्या माणसाला काय सांगणार, की वर काश्मीरच्या घाटात डिझेलचा डालडा होतो, फिल्टर तुंबतो आणि गाडी जागची हलत नाही?

मला तरी कुठे माहीत होतं? मी एका मारवाडी शेठजींच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. यावलला केळी भरायची, धुळ्याला आग्रा रोड धरायचा, तो थेट श्रीनगर. एका हिवाळ्यात बोगद्याच्या अलीकडे गाडी बसली. टाकीखाली चिंध्या पेटवल्या, फिल्टरवर उकळतं पाणी ओतलं. गाडी निघाली, पण तोवर केळी काळी पडली होती. तिथल्या पंजाबी ड्रायव्हरांनी मला वेड्यात काढलं. "ओये, मिट्टी का तेल नहीं डाला?" खाली पठाणकोटलाच, डिझेल पातळ आहे तोवर, त्यात घासलेट मिसळायचं असतं. एकदा गोठलं की मग ओतून काही उपयोग नाही. हे बठ्ठ्यांना, म्हणजे झाडून सगळ्यांना ठाऊक, मलाच नाही. घरी आलो तर शेठजी म्हणतात, "झोपला असशील कुठल्या तरी ढाब्यावर."

पुढच्या हिवाळ्यात मी ठरवलं, घासलेट इथूनच न्यायचं. तिकडे थंडीत ते सहज मिळत नाही. घरचं रेशनचं साठवून डबा भरला. बायको दारात आडवी आली. "बठ्ठं घासलेट ली चालनात का? घरमा मी दिवा काय पानीवर लावू?" तिला डिझेल समजावत बसलो असतो तर केळी झाडालाच पिकली असती. डबा उचलला आणि निघालो.

खरी अडचण पुढेच होती. आमच्याकडे ट्रकमध्ये घासलेटचा डबा दिसला की ड्रायव्हर चोर. डिझेल काढून विकायचं आणि टाकीत तितकंच घासलेट ओतायचं, हे धंदे काही जणांनी केलेले. म्हणून गाडी निघताना, नारळ फोडायच्या आधी, शेठजी टाकीचं झाकण उघडून स्वतः हुंगायचे. डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं.

माझ्या जोडीला बोदवडचे एक चाचा होते, माझ्याहून वडील. ते म्हणाले, "भाऊ, डिब्बा बिस्तर में लपेट दो. पठानकोट में डाल दिया, किस्सा खतम."

"लपवायला मी काय चोर आहे? शेठजींना दाखवून नेणार."

"दिखाओ," चाचा म्हणाले, "फिर पैदल घर जाओ."

यावलला सकाळी केळी भरत होते. शेठजी हमालांवर ओरडत होते, "पाला अजून लावा, माल थंडीनं काळा पडेल!" मी डबा त्यांच्यासमोरच केबिनमध्ये चढवला.

"शेठजी, केळीला गोधडी घालता, तशी डिझेललाही घाला. हे घासलेट पठाणकोटला टाकीत मिसळतो."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता चोर सांगून चोरी करायला लागले वाटतं?"

हमाल फिदीफिदी हसले.

"इतकी वर्षं गाडी चालवली तुमची. थेंब तरी गेला का?"

"गेला नाही, कारण मी हुंगतो. डबा उतरव, नाहीतर तू उतर."

मी उतरलो. किल्ली बोनेटवर ठेवली आणि चालू पडलो. रागात डबाही तिथेच राहिला. शेठजींनी चाचांच्या जोडीला दुसरा ड्रायव्हर दिला आणि गाडी गेली. मी घरी अंधारात बसलो आणि बायकोचं ऐकत राहिलो.

गाडी परत आली तेव्हा चाचा आधी माझ्याकडे आले.

"भाऊ, तुम्हाराच डिब्बा ले गया था, बिस्तर में. दूसरा ड्रायव्हर सोया था, तब डाला. मक्खन जैसी चली गाडी."

"मग शेठजींना सांगा ना!"

"और मेरे बच्चों को तुम खिलाओगे?"

दुसऱ्या दिवशी शेठजींनी मला पेढीवर बोलावलं. चाचा दाराशी खाली मान घालून उभे. चार व्यापारी बसलेले. शेठजी म्हणाले, "माल पिवळाधमक पोचला. घासलेटचा थेंब नाही! आता बोल."

शब्द अगदी ओठावर आला होता. चाचांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मी तो शब्द गिळला. इतका कडू घास मी आयुष्यात दुसरा गिळलेला नाही.

"चूक झाली म्हण," शेठजी म्हणाले, "आणि किल्ली घे."

"चूक झाली नाही. गाडी चालवीन, पण काश्मीरची नाही. मद्रासकडची द्या."

"थंडीला घाबरला!" शेठजी ओरडले आणि व्यापारी हसले. पण किल्ली दिली. माझ्यासारखा ड्रायव्हर त्यांना मिळणार कुठे?

पुढे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला ते ऐकवायचे, आपली गाडी घासलेटशिवाय काश्मीरला जाते. आणि प्रत्येक नवा ड्रायव्हर गुपचूप बिस्तऱ्यात डबा बांधून न्यायचा. म्हणजे मी एकटा सोडून सगळे लपवत होते, आणि भित्रा ठरलो मी. आता शेठजी नाहीत, चाचाही नाहीत, म्हणून लिहितो. चाचा असते तर आजही लिहिलं नसतं. मद्रासच्या वाटेवर सकाळ-संध्याकाळ भात खाऊन माझं पोट बिघडायचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आठवण यायची. पण ती लाइन बदलून मागायला मी शेठजींच्या पेढीवर कधी गेलो नाही.