लाल ठिपका

अमरावतीच्या बांधकाम खात्यात मी अभियंता असताना आमच्याकडे आराखडे गिरवून काढणारे एक ट्रेसर होते. बोलणे मोजके, बोटे सदैव शाईने डागलेली. परतवाड्याच्या रस्त्याचे तीन नकाशे त्यांनी एकाच मापाने पारदर्शक कापडावर काढले होते. एकावर नाले, दुसऱ्यावर काळी माती, तिसऱ्यावर अपघात. रस्ता खचला तर काळा ठिपका, माणूस दगावला तर लाल. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

एका भाद्रपदात डोंगराकडे मोठा पाऊस झाल्याची तार आली. अमरावतीत ऊन होते. त्यांनी तिन्ही कापडे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. नाला, माती आणि जुने ठिपके रस्त्याखालच्या एकाच मोरीवर येऊन मिळत होते.

"साहेब, दुपारची बस थांबवा."

"ती मोरी काल मीच तपासली. ठणठणीत आहे."

"तुमी मोरी पाह्यली. मी पानी पाहून राहिलो."

मला राग आला. तरीही स्थानकावर जाऊन मी बस रोखली.

"आभाळात ढग नाही अन् गाडी कावून अडवली जी?" प्रवासी ओरडले.

तासाभरात मोरीलगतचा भराव वाहून गेल्याची खबर आली.

कचेरीत परतलो तेव्हा त्यांनी टाक काळ्या शाईत बुडवून नकाशावर एक ठिपका दिला. मग लाल शाईच्या दौतीचे बूच घट्ट बसवले.

कनिष्ठासमोर उठून उभे राहण्याची पद्धत आमच्या खात्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी ते आत आले, तेव्हा मी उभा राहिलो.