फुली मारलेला डबा

पत्र्याच्या जुन्या खेळण्यातल्या रेल्वेगाड्या गोळा करायचा मला नाद आहे. सांगलीत आमचं हळदीचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर पोत्यांना खेटून माझी दोन कपाटं उभी आहेत. आत इंजिनं, मालगाडीचे डबे, प्रवासी डबे. बायको म्हणते, "साठी आली तरी हा माणूस अजून गाडी-गाडी खेळतोय." म्हणू दे बिचारी. पण या नादापायी मला एक विद्या येऊ लागली. डबा अस्सल की नक्कल, हे मी हातात घेऊन सांगायचो. हल्ली सांगत नाही. का नाही, ते सांगायला लाज वाटते, म्हणूनच लिहून काढतोय.

विद्या तशी साधीच आहे. जुने कारागीर आधी सपाट पत्र्यावर छपाई करायचे. खिडक्या, पडदे, दाराची मूठसुद्धा छापलेली असायची, आणि मग पत्रा कापून त्याचा डबा वळवायचे. त्याला स्क्रू नसायचा. पत्र्याचेच छोटे कान खाचेतून ओवून पलीकडे दुमडलेले असायचे. नक्कल करणारा एवढे कष्ट कशाला घेतोय? तो डबा आधी जोडतो, वरून रंग फासतो आणि खाली स्क्रू पिळून मोकळा होतो. तिसरी खूण झिजेची. खरोखर फरशीवर फिरलेल्या डब्याची चाकं कडेनं झिजतात, जोडायचा आकडा झिजतो. नक्कल जुनी दिसावी म्हणून तिला डाग पाडतात, ते सगळीकडे सारखे असतात. या तीन खुणा नीट बघितल्या तर माणूस सहसा चुकत नाही. नीट बघितल्या तर.

माझी आणखी एक खोड होती. नक्कल सापडली की तिच्या पोटाखाली मी टोच्यानं छोटी फुली कोरायचो. पुढं कुणी ती अस्सल म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, असा माझा उदात्त हेतू. मालकाला विचारून कोरायचो. म्हणजे सुरुवातीला विचारायचो. पुढं पुढं लोकच कौतुकानं म्हणायला लागले, "साहेबांची फुली पडली की विषय संपला." झालं, डोक्यात हवा गेली.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात आम्ही छंदवाल्यांनी एका हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. नाणी, अडकित्ते, कंदील, आणि एका टेबलावर मी. "आपलं जुनं खेळणं तपासून घ्या," अशी पाटीच लावली होती. चांगली गर्दी झाली. दुपारपर्यंत मी पाच-सहा नकला फोडल्या होत्या आणि प्रत्येक वेळी लोक हसत होते. हशा मिळाला की माझी जीभ सैल सुटते, हा माझा जुना रोग.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. पंच्याहत्तरीचे असतील. ताठ, इस्त्रीचा पांढरा सदरा, फौजेतून निवृत्त. माण तालुक्यातल्या एका गावाहून दोन एसट्या बदलून आले होते. सोबत गावातली दोन माणसं मुद्दाम आणली होती, ऐकायला. त्यांनी स्वच्छ फडक्यातून एक लालभडक प्रवासी डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

"सायेब, माजं वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीला हुतं. तितं एका घरात मुक्काम पडला हुता, निगताना घरच्या म्हातारीनं ह्यो डबा हातात दिला. ते मरूस्तवर सांगायचे, पर गाव इस्वास ठिवत न्हाई. म्हनत्यात, मुंबईत फुटपाथवर घिऊन आला आन् इटलीच्या थापा मारल्या. मला इकायचा न्हाई. तुमी फकस्त खरा हाय का तेवडं ह्यांच्या म्होरं सांगा."

इतकं सरळ होतं सगळं. त्यांना डब्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बापाचा शब्द खरा करून घ्यायचा होता.

मी डबा उलटा केला. खाली मधोमध स्क्रू. वर बोटाला जाणवेल इतका जाड ऑइलपेंट, थेट नांगराला मारतात तो लाल. कानाकोपऱ्यांत पिवळट डाग. मला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी डबा उंच धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "हे बघा. स्क्रू! इटलीच्या म्हातारीकडं पाना-पेचकस होता वाटतं. आणि हा पिवळेपणा दिसतोय? जुनं वाटावं म्हणून मुद्दाम लावलाय. कारागीर हुशार आहे, पण कच्चा."

लोक खदखदून हसले. सोबत आलेले दोघंही हसले.

"आवं, चाकं तरी बगा की," म्हातारे म्हणाले.

"चाकं कशाला बघू? भाताची परीक्षा करायला अख्खं पातेलं खावं लागत नाही," मी म्हणालो. पुन्हा हशा. आणि त्या हशाच्या भरात, न विचारता, मी टोच्या उचलला आणि डब्याच्या पोटाखाली करकरत फुली कोरली. नोंदीसाठी डबा कुशीवर ठेवून मोबाईलवर फोटो काढला आणि परत दिला.

म्हाताऱ्यांनी तो पुन्हा फडक्यात गुंडाळला. घाई केली नाही. वहीत नाव-गाव लिहा म्हटल्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. जाताना मला नमस्कारही केला.

मी मात्र संध्याकाळी मित्रांना तो किस्सा रंगवून सांगितला, पेचकसाच्या विनोदासकट.

पुढं महिन्याभरात खंडेनवमी आली. आमच्या दुकानात त्या दिवशी आजोबांची लोखंडी तागडी पूजेला काढतात. आता वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होतं, पण पूजा तिचीच. धाकटा भाऊ दरवर्षी तिला आदल्या दिवशी घासून लाल ऑइलपेंट मारतो. देवापुढं ठेवायची वस्तू जुनाट, गंजकी ठेवायची नाही, ही आमच्याकडची रीत. शेतावरचे कोयते, मोटार, ट्रॅक्टर, सगळं त्या दिवशी नवंकोरं. "दादा, जरा तागडी धर," भाऊ म्हणाला. मी धरली आणि हळदीचं बोट ओढलं. साखळी लागून एका ठिकाणी रंगाचा टवका उडाला होता. हळद त्या टवक्याच्या कडेला जाऊन बसली. पिवळट डाग.

माझा हात तिथंच थांबला. अरे देवा!

मी तागडी फिरवून बघितली. आकड्याजवळ स्क्रू होता. मूळचा नव्हे, आमच्याच वडिलांनी, आकडा तुटल्यावर, समोरच्या सायकल दुकानातून पिळून आणलेला. म्हणून ती तागडी काय आजोबांची नव्हती? हळद विकून तीन पिढ्या जगलेल्या घरातला मी माणूस, आणि मला हळद ओळखता आली नाही. तो डबा नुसता नाकाशी धरला असता तरी पुरे होतं. फौजी माणसाचं घर! खंडेनवमीला बापाच्या पदकांशेजारी ते हा डबाच रंगवून, हळद लावून पूजेला ठेवत असणार.

मोबाईलमधला फोटो शोधून मी मोठा केला. डब्याच्या एका कोपऱ्यात नखाएवढा टवका होता. लालाखाली लाल, त्याखाली आणखी लाल, असे थरावर थर. आणि सगळ्यांत तळाशी, केसाएवढ्या बारीक रेषांत छापलेली पडद्याची झालर. चाकांच्या कडा झिजून चकचकीत झाल्या होत्या. फोटोत सगळं होतं. मीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी गाडी काढली. वहीतलं गाव शोधत विटा, मायणी करत दहिवडीकडं निघालो. वाटेत आपट्याची पानं घेतली, कारण हातात काहीतरी असावं. सणाचा माणूस दारात आला की कुणी का आलास म्हणत नाही, एवढाच आधार.

"आवं, या या! सांगलीचं सायेब, सनाचं आलासा!" म्हाताऱ्यांनी उठून हात धरला. मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. मी पानं दिली, पाया पडलो आणि उठायच्या आधीच बोलून टाकलं, "तुमचा डबा खरा आहे. मी चुकलो. तुमचे वडील खरं बोलत होते."

म्हातारे वळले. आत गेले आणि फडकं घेऊन आले.

डबा नागडा होता. निव्वळ पांढरा पत्रा. लाल नाही, पिवळं नाही, काहीच नाही.

"तुमी नक्कल म्हनलासा," ते म्हणाले. "मला काय झोप यीना. म्हनलं, दरसाली आमीच रंग मारतोय, तो काडून बगू, आत कायतरी गावंल. पॉलिश पेपरनं दोन दिस घासला. आन् गावलं की वो! खिडकीला बारीक पडदं हुतं. लय आनंद झाला. म्हनलं, आनि जरा साफ करू, सायबांना नीट दिसाय पायजे. सांगलीलाच घिऊन येनार हुतो. घासत गेलो, आन् ते बी गेलं."

मी मोबाईल पुढं केला. त्यांनी चष्मा लावून पडद्याची झालर बराच वेळ बघितली आणि मान हलवली. "व्हय. ह्येच हुतं."

एवढ्यात शेजारी सोनं द्यायला आले. साताऱ्याला आलेल्या दोघांतले एक. मी उभाच राहिलो आणि त्यांना सांगितलं, डबा अस्सल आहे, चूक माझी होती. फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडं बघितलं, मग त्या कोऱ्या पत्र्याकडं, आणि हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सायेब, मोठ्या मनाचं हायसा. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सनाचं एवड्या लांबनं आलासा. पर त्या दिशी लय छातीठोक सांगितलं हुतंसा, ते आमी इसरतोय व्हय?"

मी शपथ घेतली. त्यावर ते आणखीच हसले. पान दिलं, चहा घेतला आणि गेले. आता गावभर सांगतील, सांगलीचा साहेब किती भला माणूस आहे.

मी खाली बसलो. म्हाताऱ्यांनी डबा उलटा करून माझ्या हातात दिला. सगळा पत्रा गुळगुळीत झाला होता, फक्त माझी फुली तेवढी स्पष्ट होती.

"ती बी घासून बगितली," ते म्हणाले. "खोल गेलीया. निगत न्हाई."

मग त्यांनी डबा घेतला, आत नेला आणि वडिलांच्या पदकांशेजारी ठेवला. हळदीचं बोट लावलं. मी दारात उभा राहून बघत होतो. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "माजा बाप खोटं बोलत नव्हता, न्हवं?"

"नव्हता," मी म्हणालो.

"एवडंच त्या दिशी म्हनायचं हुतं, सायेब."