शंभरास एकशे साठ

घमापुरात पुस्तके बांधून देणारे एक गृहस्थ आहेत. बोटांना सदैव खळ लागलेली असते आणि प्रत्येक वाक्याआधी "अच्छा" येते. भूतानच्या शंभर न्गुल्ट्रमला नेपाळचे किती रुपये मिळत, हे जुन्या वर्तमानपत्रांवरून ताडून ते एका वहीत वर्षवार लिहून ठेवतात. कशासाठी, असे मी एकदा विचारले होते.

"अच्छा, मोठ्या देशांचं तर सगळेच लिहून राहिले. या दोघांचं कोण लिहील, सर?"

मागच्या महिन्यात दुकानात दोन गिऱ्हाइके बसली असताना मी ती वही चाळली. एरवी चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्या दिवशी मात्र मी मोठ्याने म्हणालो, "हे उलटे झाले आहे. नेपाळच्या शंभराला भूतानचे एकशे साठ हवेत."

त्यांनी वही परत घेतली. "अच्छा. तुम्ही शिकलेले. पाहतो जी."

घरी येऊन पडताळले, तेव्हा कळले की त्यांचेच बरोबर होते.

ते सांगायला काल गेलो. मी बोलण्याआधीच त्यांनी वही पुढे केली. प्रत्येक पानावर पट्टी ठेवून "भूतान" खोडले होते आणि तेथे "नेपाळ" लिहिले होते. "नेपाळ"च्या जागी "भूतान". समासात बारीक अक्षरांत होते, "सरांनी दुरुस्त केले."

"अच्छा, तुम्ही पाहिलं म्हणून. नाहीतर उलटंच राहिलं असतं."

दुकानात कालही दोन गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यादेखत मला खरे सांगता आले नाही.