चौतीसशे अठरा नंबरचा फोटो

पडद्यावर नत्थूजींचा चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा होता. फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह होतं. मोठा करायला गेलं की चेहऱ्याचा नुसता डाग व्हायचा. दुपारचे साडेबारा झाले होते, मे महिन्याचं ऊन होतं, आणि नत्थूजी सकाळी नऊपासून घरातून बेपत्ता होते.

"एवढाच आहे का, काकू?" प्रकाशनं विचारलं. प्रकाश म्हणजे त्यांचा मुलगा.

"मोठा आहे. पण इथं नाही."

"मंग कुठं आहे?"

"माझ्या घरी. डब्यात."



नागपूरजवळ खापरखेड्याला आमचा फोटो स्टुडिओ आहे. नत्थूजींच्या नातीच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते, त्याला बारा दिवस झाले होते. नत्थूजी ऐंशीचे. दोन वर्षांपासून त्यांना विसरायला व्हायचं. जेवले की नाही ते आठवायचं नाही, घराचा रस्ता चुकायचा. त्या सकाळी सगळे आत होते आणि फाटक उघडं राहिलं.

पोलिसांनी प्रकाशला सांगितलं, आत्ता जसे दिसतात तसा फोटो आणा. आधार कार्डावरच्या फोटोत डोक्यावर केस होते आणि मिशा होत्या. आता दोन्ही नव्हतं.

"तुह्या मोबाईलमध्ये नाही का एखादा?" मी विचारलं.

"लग्नाचे आहेत न. चारशेक असतील."

"दाखव."

मी बघितले. नवरी होती, नवरदेव होता, डीजेपुढं नाचणारे होते. बाप एकाच फोटोत होता, तोही कूलरच्या मागं अर्धा.

"गुलाबजामचे चार काढले गा. बापाचा एक नाही काढला?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मी त्या वेळी बोलायला नको होतं. पण बोलले.

आता फोटो घरी डब्यात कसा गेला ते सांगते. एका लग्नात हल्ली अडीच-तीन हजार फोटो निघतात. अल्बममध्ये अडीचशे बसतात. म्हणून गिऱ्हाईक दुकानात येऊन कॉम्प्युटरसमोर बसतं आणि हवे ते निवडतं. याला आम्ही सिलेक्शन म्हणतो. न निवडलेले ते रिजेक्ट. प्रकाश आणि त्याची बायको येऊन सिलेक्शन करून गेले होते. निवडलेल्या अडीचशेत नत्थूजी कुठंच नव्हते. ते सगळे रिजेक्टमध्ये होते.

रिजेक्ट मी कधी फेकत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवऱ्याचा स्टुडिओ होता, मी डार्करूममध्ये प्रिंट धुवायचे. तेव्हा न धुतलेल्या निगेटिव्हसुद्धा त्याच पाकिटात ठेवायची शिस्त होती. नवरा गेल्यावर दुकान मी चालवलं आणि कॉम्प्युटरही शिकले. इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखते आणि आकडे चुकत नाही.

लग्नसराईत कॉम्प्युटर भरला. जागा संपत आली की त्यात लाल पट्टी दिसते. आमच्याकडे वैशाली काम करते, अल्बम तीच जुळवते. मी तिला म्हटलं, रिजेक्टचं फोल्डर उचल आणि बाहेरच्या ड्राइव्हमध्ये टाक. बाहेरची ड्राइव्ह म्हणजे वायरनं जोडायची छोटी पेटी, तिच्यात फोटो राहतात.

वैशाली म्हणाली होती, "काकू, हे असं बाहेरून नाही हलवत. सॉफ्टवेअरमधूनच हलवा लागते. नाही तर त्याले सापडत नाही."

"घरातली पेटी इकडची तिकडं ठेवाले कोणाले विचारा लागते का? टाक."

तिनं टाकलं. कट करून टाकलं. कॉपी केलं की वस्तू दोन्हीकडे राहते. कट केलं की इथून जाते, तिथेच राहते. मग दुकानाला आग लागली, चोरी झाली तर नको म्हणून ड्राइव्ह मी घरी नेली आणि स्टीलच्या डब्यात ठेवली. म्हणजे त्या फोटोंची जगात एकच प्रत होती आणि ती माझ्या स्वयंपाकघरात होती. चूक माझी होती. वैशालीची नव्हती.

दुकानातल्या सॉफ्टवेअरकडे उरले होते ते प्रिव्ह्यू. प्रिव्ह्यू म्हणजे फोटोची बारीकशी खूण, शोधायला सोपं जावं म्हणून त्यानं स्वतःसाठी ठेवलेली. खरा फोटो जागेवर सापडला नाही की तिच्यावर उद्गारचिन्ह येतं.

प्रकाशनं तोच डाग मोबाईलवर घेऊन सगळीकडे पाठवला. पाच मिनिटांत तीन फोन आले. पांढरा सदरा, धोतर, टक्कल. असे म्हातारे आमच्याकडे चौकाचौकात बसलेले असतात. एक तर आमच्याच समोरच्या चहाच्या टपरीवर होता. तो उठून आला आणि म्हणाला, "मी हरवलो नाही गा. चहा पिऊन राहिलो."

मी वैशालीला म्हटलं, "गाडी काढ वं."

"मी नेतो न काकू," प्रकाश म्हणाला.

"तुले फोन येऊन राहिले. तू इथंच बस आणि फोन घे."

वैशालीच्या स्कूटीवर घरी गेले. डबा काढला, ड्राइव्ह कोरड्या टॉवेलात गुंडाळली, कारण उन्हात तापली तर तीही दगा देते. परत यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात माझे ओठ सुकले. नत्थूजी तर चार तासांपासून बाहेर होते.

वायर जोडली. ड्राइव्हचा निळा दिवा लागला. पडद्यावरची उद्गारचिन्हं जशीच्या तशी.

"काकू, अजूनही दाखवून नाही राहिलं," वैशाली म्हणाली.

"उडाले का फोटो?" प्रकाश उभाच राहिला.

"उडाले नाही. बस खाली."

मी म्हटलं खरं, पण मलाही खात्री नव्हती. कॉम्प्युटर प्रत्येक ड्राइव्हला एक इंग्रजी अक्षर देतो. वैशालीनं फोटो टाकले तेव्हा या ड्राइव्हला ई मिळालं होतं. मध्यंतरी कोणाचा तरी पेन ड्राइव्ह लागला होता, तो तसाच मागं राहिला होता. ई त्यानं घेतलं. आमच्या ड्राइव्हला जी मिळालं. त्यात फोल्डर सॉफ्टवेअरला न सांगता हलवलेलं, ते त्याला अजून कॉम्प्युटरमध्येच शोधत होतं. आता ते कसं सापडणार?

वैशाली तिथंच क्लिक करत राहिली. एकदा, दोनदा, चारदा.

"सोड ते," मी म्हटलं. "त्याच्या नादी लागू नको. सरळ ड्राइव्ह उघड."

"पण त्यात सव्वीसशे फोटो आहेत काकू. एकेक पाहाले तास जाईन."

"एकेक कशाले? त्या बारक्या फोटोखाली काय लिहून आहे?"

तिनं वाकून बघितलं. कॅमेरा प्रत्येक फोटोला नंबर देतो. प्रिव्ह्यू कितीही लहान असला तरी खालचा नंबर खराच असतो.

"चौतीसशे अठरा."

"मंग ड्राइव्हमध्ये तोच शोध."

तिनं आकडे टाकले. हिरवी पट्टी हळूहळू सरकली. मग एक फाइल आली. तिनं उघडली.

नत्थूजी पडदाभर आले. लग्नाच्या मांडवाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, डोक्यापासून पायापर्यंत. कपाळावरची जखमेची जुनी खूण स्वच्छ दिसत होती. नवा सदरा, नवं धोतर. आणि पायात भडक नारंगी रंगाचे पळायचे जोडे.

"हे तर आमच्या पोट्ट्याचे जोडे होय," प्रकाश म्हणाला.

मला आठवलं. सिलेक्शनच्या दिवशी याच फोटोवर त्याची बायको म्हणाली होती, "हा नको. बाबाचे जोडे पाहा कसे दिसून राहिले. लोक हसतीन." आणि प्रकाशनं रिजेक्ट म्हटलं होतं.

"पोलिसाले पायात काय सांगितलं तू?"

"चप्पल."

"घरी फोन लाव. चप्पल पाहाले सांग."

त्यानं लावला. बायकोनं जाऊन बघितलं. चप्पल ओट्यावरच होती. नारंगी जोडे नव्हते. पाय सुजायचे म्हणून लग्नानंतरही म्हातारा तेच घालत होता आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वैशालीनं दोन फोटो केले. एक नुसता चेहरा, एक पूर्ण. प्रकाशच्या मोबाईलवर टाकले. त्यानं पोलिसांना, आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर आणि बस थांब्यावरच्या पानवाल्याला पाठवले. पानवाल्यानं एका कंडक्टरला दाखवला.

दहा मिनिटांत कंडक्टरचा फोन आला. प्रकाशनं स्पीकर लावला.

"हे बाबा माह्या बसमध्ये होते न. सकाळच्या फेरीले. कोराडीले उतरले, कॉलनीच्या फाट्यावर."

"नक्की तेच का भाऊ?"

"धोतरावर नारंगी जोडे. म्हणून तं ध्यानात राहिलं. मी म्हटलंही, बाबा, पळाले चालले का? तं म्हणे, हाव, ड्युटीले उशीर होऊन राहिला."

प्रकाशनं फोन ठेवला. मग म्हणाला, "काकू, कोराडीले बाबा वीज केंद्रात नोकरीले होते, तिथं आमचं क्वार्टर होतं. मी शाळेत होतो तवा."

"मंग उभा काहून आहे? जा."

तो गेला. मी आणि वैशाली दुकानात राहिलो. हात रिकामे ठेवून काय करायचं होतं? मी तिला म्हटलं, आता सॉफ्टवेअरला नवी जागा सांग. तिनं फोल्डरवर जाऊन ड्राइव्हमधली जागा दाखवली. एक-एक करून सगळी उद्गारचिन्हं गेली. मग त्या फोटोंची आणखी एक प्रत करायला लावली. कॉपी, कट नाही. ते चालू असताना मी चार वेळा फोनकडे बघितलं.

सव्वातीनला प्रकाशचा फोन आला. जुन्या क्वार्टरला कुलूप होतं, तिथं आता कोणी राहत नाही. नत्थूजी पायरीवर भिंतीला टेकून होते. सकाळी तिथं सावली असणार, दुपारी सरकून गेली होती. अंग तापलं होतं, घाम येत नव्हता, हाक दिली तर डोळे उघडत नव्हते. शेजारच्या बाईनं ओल्या चादरी गुंडाळल्या आणि त्यांनी नागपूरला दवाखान्यात नेलं.

"डॉक्टर का म्हणे?" मी विचारलं.

"म्हणे, आज रात्र पाहू."

दोन दिवस ते शुद्धीत नव्हते. मी दुकान उघडत होते, लग्नं चालू होती. वैशाली रोज सकाळी प्रकाशला फोन करायची. मी करत नव्हते. उत्तर वाईट आलं असतं तर ते ऐकायची घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं.

तो फोटो नंतर अल्बममध्ये टाकला का, असं लोक विचारतात. नाही टाकला. सूनबाईंनी पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, जोडे नाही शोभत. गिऱ्हाईक म्हणेल ते. पण प्रकाशनं त्याची एक प्रिंट मागितली, ती त्याच्या पाकिटात असते, मागं फोन नंबर लिहिलेला.

मी मात्र तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. फोल्डर हलवायचं ते सॉफ्टवेअरमधूनच, आणि दोन प्रती झाल्याशिवाय कट करायचं नाही. ड्राइव्हला वैशालीनं इंग्रजीतलं शेवटचं अक्षर कायमचं देऊन टाकलं, म्हणजे कोणाचा पेन ड्राइव्ह ते घेणार नाही. फोटो आहे एवढं पुरत नाही. कुठं आहे ते दुकानातल्या दोन माणसांना आणि कॉम्प्युटरला, तिघांनाही माहीत पाहिजे. चार बुकं शिकलेल्या वैशालीनं हे मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती ड्राइव्ह बंद पडली, फोटो दुसऱ्या प्रतीत राहिले. नत्थूजी अजून आहेत.