सगळं उत्तम, पण येत कुणीच नाही

कोल्हापूरच्या स्टँडवर हुपरीची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत साठ कोरे फॉर्म होते आणि डोक्यात फाजील आत्मविश्वास. नाशिकच्या आमच्या संस्थेनं हुपरीत म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा केंद्र काढलं होतं. चहा, रक्तदाब तपासणी, कॅरम, टीव्ही, सगळं फुकट. पण तिकडं कुणी फिरकतच नव्हतं. "लोकांना विचारून ये. कारण कळलं नाही तर महिनाअखेर केंद्र बंद," असं सांगून साहेबांनी मला पाठवलं होतं. विचारण्यात काय अवघड आहे, असं मला वाटत होतं!

हुपरी चांदीचं गाव. गल्लीत शिरलं की घराघरातून टकटक ऐकू येते. पैंजण इथंच घडतात आणि मग कुठल्या कुठल्या पायांत जातात. केंद्र सापडलं. लखलखीत फरशी, नवा कोरा कॅरम बोर्ड आणि एकट्याच बसलेल्या व्यवस्थापिका शैलाताई. "आज तुम्हीच पहिल्या," त्या म्हणाल्या. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मग दारोदार. पहिल्या घरानं हातातला पॅड बघून मला मीटरवाली समजून "मालक घरात न्हाईत" म्हणत दार लावलं. दुसऱ्या घरात चहा मिळाला. केंद्र कसं आहे? "एक नंबर!" तिसऱ्या घरात? "नाव ठेवायला जागा न्हाय बघा." इकडची माणसं तोंडावर बोलतात असं ऐकलं होतं, पण दुपारपर्यंत एकवीस वेळा 'उत्तम' लिहून माझा हात दुखायला लागला. अहो, उत्तम आहे तर जात का नाही?

वैतागून मालनअक्कांच्या उंबऱ्यावर बसकण मारली. सत्तरी ओलांडलेल्या, घरात एकट्या. मांडीवर ताट, ताटात चांदीच्या बारीक कड्या, हातात चिमटा.

"पावणं, जेवलासा काय?" (पावणं म्हणजे पाहुणे. अनोळखी बाईलाही इथं हीच हाक.)

मी हो-नाही म्हणायच्या आत भाकरी, दही आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) पुढ्यात आला. पहिल्याच घासाला डोळ्यांतून धारा, त्या थेट फॉर्मवर. अक्का खदखदून हसल्या. "एवढ्यातच रडाय लागलासा व्हय? दही खावा की!"

फुकट जेवून नुसतं बसायची लाज वाटली, म्हणून मीही कड्या जोडायला घेतल्या. दहा मिनिटांत एक जोडली, तीही वाकडी. पण फॉर्म बाजूला पडला आणि अक्का बोलायला लागल्या.

"केंद्रात गेलतो की मी." (इकडं बायकाही 'गेलतो' म्हणतात.) "चार दिस गेलतो. ताट घिऊन गेलो तर बाई म्हणल्या, हितं काम न्हाय करायचं, आराम करायचा. आता किती आराम करायचा, वो? हात मोकळं ठिऊन गप्पा माराय येतंय व्हय कुणाला? आलो परत."

"मग विचारल्यावर हे सांगायचं ना!"

"फुकट वाढलेल्या ताटाला नावं कोण ठेवतंय? तुमी बी लांबनं आलासा." मग चिमटा थांबवून म्हणाल्या, "दिसभर बोलाय कुणी न्हाय घरात. भिंतीसंगं किती बोलू?"

मला गलबलून आलं. आणि शरमही वाटली, कारण 'केंद्रात कोणतेही काम आणू नये' हा नियम नाशिकला बसून मीच टाइप केला होता.

"अक्का, उचला ताट," मी म्हटलं.

शैलाताई दारातच गडबडल्या. "मॅडम, नियम आहे. आणि एखादी कडी घरंगळून हरवली तर?" अक्कांनी इकडंतिकडं बघितलं, कॅरम बोर्डाकडं बोट दाखवलं, "ह्यो पाट कशाला ठेवलाय?" म्हणाल्या आणि ताट त्यावर ओतलं. चारही बाजूंना उंच कड, भोकांखाली जाळी, तीत अक्कांनी रुमाल कोंबले. एक कडी बाहेर जाईना! मी साहेबांना फोन लावला. ते बराच वेळ "अं... अं..." करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरं, करू द्या. पण अभिप्राय बघूनच पुढचं ठरवू."

अक्कांनी संध्याकाळी गल्लीभर आवाज दिला असणार. दुसऱ्या दिवशी अकरा बायका आणि दोन म्हातारे कारागीर हजर. त्यातले मेहबूबचाचा पैंजणात मुरलेले. चष्मा सरसावून प्रत्येकीच्या कडीत खोट काढायला लागले. आणि हात चालू झाले तशा जिभाही सुटल्या.

"च्या हाय का भांड्यांचं धुवान?"

"त्यो टीव्ही बंद करा आदी, बोलल्यालं ऐकाय येईना!"

"संडासात धरायला दांडा न्हाय, पडलो तर?" चाचा गरजले.

शैलाताईंचा चेहरा उतरला. मी मात्र आनंदानं भराभरा लिहीत सुटले. दुपारी त्यांनीच शेजारून जास्तीचा चिमटा मागून आणला आणि बायकांत जाऊन बसल्या.

परतीच्या एसटीत मी दोन्ही गठ्ठे मांडीवर घेतले. कालचे एकवीस 'उत्तम' आणि आजचे तेरा, तक्रारींनी समासापर्यंत भरलेले. पहिला गठ्ठा साहेबांना आवडला असता. मी दुसरा वर ठेवला, आणि त्याच्याही वर अक्कांचा फॉर्म. त्यांनी सांगितलं तसंच्या तसं त्यात उतरवलं होतं: "पायरी लई उंच हाय. बिगीबिगी कमी करा. मला उद्या परत यायचं हाय."