डग्ग्यावरचा हात

तबल्याच्या डग्ग्यावर हात टेकला की माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप तळव्यात वळायला लागली, तेव्हा सुरुवातीला मी ते हसण्यावारी नेलं. जळकोटात हायवेला लागून आमचं किराणा दुकान आहे. दिवसभर गूळ फोडायचा, पोती सरकवायची, म्हणून हात अवघडला असेल असं वाटलं. शेकून झालं, तेल लावून झालं, शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. वर्षानुवर्षं तीच हालचाल करून मेंदूचा आणि बोटांचा मेळ बिघडलाय, जोर करू नका, सावकाश नव्याने शिकवा. मला ते पटेना. पोळ्या लाटताना शहाण्यासारखा वागणारा हात फक्त डग्ग्यावरच मूठ करून बसतो, असं कुठे असतं का? मी जोर केलाच. पट्टी बांधून बघितली. बोटं सरळ करायला जावं तितकी ती हट्टाला पेटायची.

तबला मला वडिलांनी शिकवला. सासरी आले तेव्हा इथल्या महिला भजनी मंडळात टाळ होते, पेटी होती, तबल्याला कुणी नव्हतं. तेव्हापासून श्रावणी सोमवारी महादेवाच्या देवळात ठेका माझाच. यंदा बायका म्हणाल्या, राहू द्या, आपण टाळांवर भागवू. त्या मायेनेच म्हणाल्या, पण मला ते फार लागलं.

याहून मोठी भीती मी कुणाला सांगितली नव्हती. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. ऐन पूजेत हा हात वळला आणि लिंग खाली पडलं तर? आमच्यात याहून मोठा अपशकुन नाही. म्हणून मी लिंग ताटलीत ठेवून पूजा उरकायला लागले. सासूबाई बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं, असं वाटायचं. तबला तर गेलाच होता, आता देवही हातातून गेला होता.

आषाढ सरत आला होता. एका सकाळी कर्नाटकाकडे जाणारी एसटी आमच्या दुकानासमोर बंद पडली. प्रवासी चहाला पांगले. एक म्हातारे अज्जा मात्र सासूबाईंच्या कपाळावरची विभूती बघून सरळ आमच्या दारात आले.

"अव्वा, तांब्याभर पाणी मिळंल का? पूजा व्हायची हाय माजी. तवर च्याबी चालत न्हाय."

"या की अज्जा, घर तुमचंच हाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचीबी पूजा ऱ्हायलीय. दोघं संगंच बसा."

शेजारी शेजारी पाट मांडले. अज्जांनी डावा हात पुढे केला आणि मी चपापले. त्यांची मधली दोन बोटं नव्हती; कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली, असं त्यांनीच सांगितलं. त्या उरल्यासुरल्या तळहातावर लिंग जराही हललं नाही. पाणी, विभूती, बेलाचं पान, सगळं कसं संथ चाललं होतं. इतका देखणा हात मी कुठल्या वादकाचाही पाहिलेला नाही. माझी पूजा बाजूलाच राहिली, मी बघत बसले.

त्यांची नजर माझ्या ताटलीकडे गेली. "त्यात का ठेवलंस, लेकी?"

मला रडूच फुटलं. अनोळखी माणसापुढे सगळं सांगून बसले. अज्जांनी उपदेश केला नाही.

"ही बोटं गेली तवा म्याबी लई घट्ट धरायचो, पडंल म्हणून. धरलं की हात थरथरायचा. मंग कळलं, आपुन धरायचंच न्हाय. त्यो बसतो. आपुन हात तेवढा उघडा ठेवायचा."

सासूबाईंनी ताटली बाजूला सरकवली. मी लिंग तळहातावर घेतलं आणि बोटं वळायची वाट बघत राहिले. ती वळली नाहीत. पूजा संपेपर्यंत हात नुसता उघडा होता. देवापुढे तो कधी मिटलाच नव्हता. भीतीपायी मी त्या हाताला कधी विचारलंच नव्हतं. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. अज्जांनी उभ्यानेच चहा घेतला, हात जोडले आणि गेले. नावगाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर तोच उघडा हात मी डग्ग्यावर नुसता ठेवला. वाजवलं काहीच नाही. बरेच दिवस एवढंच केलं, मग एखादाच हलका बोल. डॉक्टरांनी हेच तर सांगितलं होतं, पण ते समजायला अज्जा यावे लागले.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी देवळात तबल्याला बसले. भजन रंगात आलं आणि बोटं वळलीच. मी हात उचलून मांडीवर उताणा ठेवला आणि उजव्या हाताने जमेल तसं चालू ठेवलं. बायकांनी टाळ सोडले नाहीत. जन्मात कधी भजनात न बसलेल्या माझ्या सासूबाई कोपऱ्यातून टाळ्यांनी ठेका द्यायला लागल्या. थोड्या वेळाने बोटं सुटली, आणि मी पुन्हा समेवर आले.

हात पुरता बरा झाला असं मी म्हणणार नाही. ती एसटी आमच्याच दारात का बंद पडली, यावरही मला वाद घालायचा नाही. ज्याने ती थांबवली त्याचे आणि अज्जांचे उपकार मी विसरणार नाही. पूर्वी मी महादेवाला रोज म्हणायचे, माझा हात बरा कर. आता तोच हात त्याच्यापुढे उघडा करते आणि म्हणते, ये, बस बाबा.